मेज कुणाचे?

२०२५ च्या चवथीला मी पेडणे तालुक्यातल्या आमच्या घरी पत्ते खेळण्याचे एक मेज तयार केले. आठ कोनांचे, वर हिरवी बनात, कडेला हात टेकायला मऊ पट्टी. अशा मेजाला पोकरचे मेज म्हणतात. ही हकीकत वसतिगृहात सांगितली तेव्हा मैत्रिणी हसल्या. एकीने मात्र गंभीरपणे विचारले, "आणि घरच्यांनी करू दिलं?" प्रश्न रास्त आहे. सहजासहजी करू दिले नाही. ते मेज कसे झाले, त्यावरून घरात काय वाद झाला आणि त्या वादातून जुगाराविषयी माझे जे मत बनले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्याकडे चवथ म्हणजे माटोळी, घुमटावरची आरती, नेवऱ्या आणि रात्रीचे पत्ते. आरती आटोपून जेवणे झाली की पुरुष मंडळी पडवीत चटई पसरतात. मग तीनपत्ती सुरू होते. दहा-वीस रुपयांची देवघेव होते. त्याला कुणी जुगार म्हणत नाही. बायका त्या वेळी आत भांडी आवरत असतात आणि मुली दारात उभ्या राहून बघतात. मीही अशीच बघत मोठी झाले.

या चटईवर माझे डिचोलीचे मामा कधी बसत नाहीत. त्यांच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. तो पोचवला की ते आणि मामी आमच्याकडे येतात. चटई पसरली की मामा उठतात आणि अंगणात जाऊन बसतात. त्यांना कुणी बोलवत नाही आणि का उठलात असेही कुणी विचारत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

मामांचा खाणीवर ट्रक होता. डिचोली तालुक्यात ज्याच्या दारात ट्रक त्याच्या घरात चूल, असे दिवस होते. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मधे पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा सगळे थंडावले. ट्रक दारात उभा राहिला. हाताला काम नाही आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. त्या दिवसांत मामा जत्रांना जाऊ लागले. देवाला नव्हे, देवळाच्या मागच्या अंधारात दिव्याखाली मांडलेल्या पटाकडे. गोव्यातल्या कितीतरी जत्रांत असा पट मांडला जातो, हे काही गुपित नाही. एका पहाटे मामा घरी आले तेव्हा मामीच्या पाटल्या घरात नव्हत्या. त्यानंतर मामांनी पत्त्याला किंवा फाशाला हात लावलेला नाही. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आईने स्वयंपाकघरात कोंडून घेऊन केलेले रडणे मला आजही ऐकू येते.

एवढे सांगितल्यावर वाचक विचारतील, मग अशा घरात पत्त्यांचे मेज करण्याची बुद्धी हिला झाली कशी? खरे सांगायचे तर आरंभी मामांचा विचार माझ्या मनात नव्हताच. वसतिगृहात मी पोकर शिकले होते. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच, आणि त्यातून पाच पत्त्यांचा चांगला हात जमवायचा. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात होतात. पाच पत्त्यांचे होतात २५,९८,९६०. तीनपत्तीपेक्षा यात डोके अधिक लागते आणि समोरच्याचा चेहराही वाचावा लागतो. हा खेळ चटईवर नीट होत नाही, म्हणून मेज हवे वाटले. लाकूड घरचेच होते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने परसातला फणस पाडला होता आणि त्याच्या फळ्या चार वर्षे माळ्यावर सुकत होत्या. हत्यारे मात्र मामांकडे होती. ट्रकच्या मागच्या फळ्यांची डागडुजी ते स्वतः करत. म्हणून मी त्यांना फोन केला आणि मेज कसले ते न सांगता मदत मागितली. हा माझा अप्रामाणिकपणा झाला, तो येथे कबूल करते.

मामा करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या घेऊन आले. म्हापशाहून १८ मिलिमीटर जाडीचे, पाण्याला टिकणारे प्लायवूड आणले होते, आठ फूट बाय चार फूट. ते मधोमध कापून चार-चार फुटांचे दोन चौरस केले. एका चौरसाचे अख्खे मेज करायचे आणि दुसऱ्याची नुसती कड. आता चौरसाचा अष्टकोन कसा करावा? मी विज्ञान शाखेची. झटकन म्हणाले, प्रत्येक कोपऱ्यापासून बारा इंचांवर खूण करून कोपरे उडवू. मामांनी काही न बोलता सुतळीने मोजून दाखवले. तसे केले तर चार बाजू २४ इंचांच्या आणि चार जेमतेम १७ इंचांच्या होतात. मग त्यांनी एका कोपऱ्यावर खिळा मारला, सुतळी चौरसाच्या मध्यबिंदूपर्यंत ताणली आणि तेवढ्याच लांबीने दोन्ही कडांवर खुणा केल्या. चारही कोपऱ्यांवरून असेच केले. आठ खुणा पडल्या, प्रत्येक जवळच्या कोपऱ्यापासून १४ इंचांवर, आणि आठही बाजू जवळजवळ २० इंचांच्या भरल्या. नंतर वहीत गणित मांडले तेव्हा ते बिनचूक निघाले. कॉलेजात वर्गमूळ शिकूनही मला जे सुचले नाही ते मामांच्या सुतळीला ठाऊक होते.

पाय फणसाच्या लाकडाचे, अडीच इंच चौकोनी. त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांना टोकाला जीभ काढायची आणि पायात खाच पाडायची, म्हणजे खिळ्याशिवाय सांधा घट्ट बसतो. खाच पाडताना पटाशी दोनदा माझ्या हातावर घसरली. आजी पडवीतून बघत होती. म्हणाली, "गे बाय, कॉलेजीत तुका रंधो मारपाक शिकयतात?" पावसाळ्यात आमच्याकडे लाकूड फुगते, म्हणून मामांनी खाचेत केसभर जागा सोडायला सांगितले आणि प्लायवूडच्या कापलेल्या कडांना आधी रंगाचा हात दिला, कारण पाणी कडेतूनच शिरते. वर अर्धा इंच स्पंज लावून बनात ताणायची होती. ती मी चोर्ल्याच्या घाटाने बसमधून बेळगावहून आणली होती. बनातीची हिरवी घडी उलगडली तेव्हा मामांचा हात थांबला.

"हे पत्त्यांचं मेज?" त्यांनी विचारले. मी होय म्हणाले. ते बराच वेळ पटाशीची धार अंगठ्याने तपासत राहिले. मग म्हणाले, "बनात मधून बाहेर ताणत जा. कोपऱ्यातून ओढलीस तर सुरकुती पडेल." आणि हत्यारे पिशवीत भरून अंगणात जाऊन बसले.

संध्याकाळी आईला कळले. ती मोठ्याने बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "घरात हे मेज उभं राहिलं की जुगार आपोआप येतो. महाभारतात काय झालं? धृतराष्ट्राने आधी सभा बांधून घेतली, मग पांडवांना खेळायला बोलावलं. जागा तयार झाली की बसणारे मिळतात." आईचे शिक्षण सातवीपर्यंत, पण तिचा हा मुद्दा मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा वजनदार आहे. मी गप्प झाले. दोन दिवस मेज उलटे करून माळ्याखाली ठेवले होते. या दोन दिवसांत मी जो विचार केला तोच या लेखाचा गाभा आहे.

पत्ते हे काही बाहेरून आलेले पाप नव्हे. आमच्या पेडण्याच्या पलीकडे सावंतवाडी आहे. पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीच्याच अमलाखाली होते. त्या सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही चित्रकार गोल गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, असे एकूण १२० पत्ते. दिवसा खेळायचे तर रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री खेळायचे तर कृष्णाच्या. पत्ता करताना कापडाला चिंचोक्याची खळ लावतात. मत्स्य-कूर्मांची चित्रे हातात धरून खेळणाऱ्या आपल्या पूर्वजांना आपण जुगारी म्हणत नाही. तेव्हा दोष पत्त्यात नाही. मग तो मेजात आहे काय?

आईच्या महाभारतातच मला उत्तर सापडले. सभा बांधली गेली हे खरे, पण ती बांधवून घेतली कुणी? ज्याच्या घरात जिंकण्याचा बेत शिजला होता त्याने. फासे टाकणारा शकुनीही त्याच पक्षाचा. पांडव बसले ते दुसऱ्याच्या मेजावर. तेव्हा विचारायचा प्रश्न असा, की मेज कुणाचे आहे आणि ते मांडून ठेवण्यात त्याला काय मिळते?

जत्रेतला पट घ्या. पटावर सहा चित्रे आणि फाशांवरही तीच सहा. तीन फासे असतील तर ते २१६ तऱ्हांनी पडू शकतात. समजा, तुम्ही एका चित्रावर प्रत्येक वेळी एक रुपया लावला आणि ते चित्र जितक्या फाशांवर येईल तितके रुपये मिळाले. २१६ पैकी १२५ वेळा ते एकाही फाशावर येत नाही आणि रुपया जातो. ७५ वेळा एका फाशावर येते, १५ वेळा दोनांवर आणि एकदाच तिन्हींवर. मिळकत ७५ अधिक ३० अधिक ३, म्हणजे १०८ रुपये, नुकसान १२५. पटवाल्याच्या गल्ल्यात १७ रुपये राहिले. फासे अगदी सच्चे असले तरी राहिले! त्याला लबाडी करण्याची गरजच नाही. शंभर रुपयांमागे जवळजवळ आठ रुपये त्याचे ठरलेले आहेत. खेळणारा मात्र आपले नशीब वाईट म्हणून कपाळाला हात लावतो आणि नशीब पालटेल म्हणून पुन्हा बसतो. कसिनोतल्या चक्राचेही असेच. त्यावर शून्य धरून ३७ घरे असतात, पण नेमके घर लागले तर एकास पस्तीसच मिळतात.

आता पोकर घ्या. यात मेजवाल्याविरुद्ध कुणी खेळत नाही, खेळणारे एकमेकांशी खेळतात. पण मेज भाड्याचे असेल तर मालक प्रत्येक डावातून आपला वाटा उचलतो. सात जणांनी प्रत्येकी ५० चिंचोके घेतले तर एकूण झाले ३५०. डावात सरासरी ४० चिंचोके मधे आले आणि मालकाने शेकडा पाच उचलले तर डावाला दोन गेले. हाच हिशेब चालू राहिला तर १७५ डावांत सगळे चिंचोके मालकाच्या डब्यात जातात. खेळात कुणी कितीही हुशार असो. वाटा कुणीच उचलला नाही तर मात्र हजार डावांनंतरही मेजावर ३५० च चिंचोके राहतील, फक्त याच्या पुढ्यातून त्याच्या पुढ्यात गेलेले.

कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. इंग्रजांच्या १८६७ च्या जुगारविषयक कायद्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या करताना पत्ते-फासे ठेवणाऱ्याचा नफा हीच खूण धरली आहे. गोव्याने १९७६ साली सार्वजनिक जुगाराविरुद्ध आपला कायदा केला. पुढे त्याच कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ साली पाण्यावरच्या जहाजांतल्या मेजांना वाट करून दिली. आज पणजीसमोर मांडवीत ती जहाजे दिव्यांनी झगमगत उभी असतात आणि त्यांच्या शुल्कातून सरकारचा खजिना भरतो. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना तेथे खेळायला बंदी आहे. म्हणजे हे आपल्या माणसांसाठी वाईट आहे हे सरकारला मान्य आहे, बाहेरच्या माणसाला मात्र ते चालते! २०२५ च्या चवथीच्या आदल्या आठवड्यात संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. त्याचे मी स्वागत करते, कारण मोबाइल हे तर खिशात घेऊन फिरायचे दुसऱ्याचे मेज. पण ज्या देशात मोबाइलवरचे मेज वाईट ठरते त्याच देशात नदीवरचे मेज चांगले कसे, हे मला समजत नाही. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. त्याच्याबरोबर पेडण्यातही कसिनो येणार की काय, हा प्रश्न आमच्याकडे गावोगाव चर्चिला गेला आहे. त्याला माझा विरोध आहे, आणि तो पत्त्यांच्या द्वेषापोटी नाही, हे या लेखावरून ध्यानात यावे.

हे सगळे मी आईला सांगितले. चिंचोक्यांचे गणित तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "पैसा नको, उधारी नको, आणि बारानंतर दिवा बंद." मी तिन्ही अटी मान्य केल्या.

तिसऱ्या रात्री आरतीनंतर मेज पडवीत मांडले. मेजाला आठ बाजू, आणि त्यामुळे चटईवर कधी न घडलेली एक गोष्ट घडली. पुरुष पाचच होते, जागा उरल्या. मी बसले, आणि मी हाताला धरून आणल्यावर मामीही पदराला हात पुसत येऊन बसली. एक जागा मोकळी राहिली. मामा अंगणातून आले, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मी खेळत नाही. वाटायला कुणी हवं असेल तर वाटतो." त्या रात्रीचे सगळे डाव त्यांनी वाटले. स्वतःकडे एकही पत्ता घेतला नाही. मामी चांगली खेळली. हातात काही नसताना तिने माझ्या थोरल्या काकांना असे फसवले की ते दुसऱ्या दिवशीही बोलून दाखवत होते.

साडेअकराच्या सुमाराला माझा चुलतभाऊ म्हणाला, "चिंचोक्याला निदान एक रुपया तरी धरू या. त्याशिवाय मजा नाही." सगळे गप्प झाले. मामांनी गड्डी मेजावर ठेवली. "मग मी उठतो," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पटावर बसायचो तेव्हा बाजूला कोण बसलंय ते मला कधी दिसलं नाही. आज सगळ्यांची तोंडं दिसतायत. तेवढं राहू दे." भावाने मान खाली घातली आणि डाव पुढे चालू झाला, चिंचोक्यांवरच.

वाचकांना वाटेल की लेखिकेने आपली बाजू सोयीस्करपणे जिंकली. तसे नाही. त्या रात्री बारा वाजता दिवा बंद झाला नाही. माझ्यापुढे सातच चिंचोके उरले होते आणि ते परत मिळवल्याशिवाय मला उठवेना. पावणेदोन वाजता आईने येऊन न बोलता दिवा मालवला. नुसत्या चिंचोक्यांसाठी माझी ही गत, तर हप्ता थकलेल्या माणसाची काय होत असेल? म्हणून आईचे म्हणणे चूक होते असे मी म्हणणार नाही. मेजाला ओढ असते. ती ओढ आहे म्हणूनच ते दुसऱ्याच्या हातात, नफ्यासाठी असू नये.

माझी वसतिगृहातली सोबतीण कन्नड आहे. ती सांगते, त्यांच्याकडे खेळाला आट म्हणतात आणि जुगाराला जूजाट. म्हणजे जुगारातही खेळ हा शब्द आहेच. तो खेळ वेगळा काढून घरी ठेवता येतो, असे माझे मत आहे. ज्यांच्या ताब्यात जत्रेची जागा आहे त्यांनी पट मांडणाऱ्याला एकदा स्पष्ट नाही म्हणून पाहावे. जागेवाचून पट मांडता येत नाही. सरकारनेही एका हाताने शुल्क घेत दुसऱ्या हाताने इशारा देणे सोडावे. आणि आम्हा विद्यार्थ्यांपैकी ज्यांना पत्ते आवडतात त्यांनी आपले मेज आपण करावे. एक प्लायवूड, थोडे लाकूड आणि आठ दिवसांची मेहनत पुरते. हाताला चार ओरखडे पडले की कळते, मेज करणाऱ्याला त्यातून काही हवे असते. आम्हाला काय हवे होते ते त्या रात्री मिळाले.

मेज सध्या पडवीत भिंतीला टेकून उभे आहे. आई अजून त्यावर खेळायला बसलेली नाही. मात्र दिवाळीच्या सकाळी घरात पाहुणे फार झाले तेव्हा तिने ते स्वतः आडवे केले, बनातीवर धुतलेली चादर पसरली आणि फोवांच्या वाट्या त्यावर मांडल्या. मामा-मामींच्या वाट्या शेजारी शेजारी होत्या.